तापाची वंशावळ आणि हुजुरांच्या एक्केचाळीस रुमालांची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि चार अक्षरांस तिसरे नमन, कारण पुढे जे घडले ते त्या चौघांनीच घडविले. शके पंधराशे सत्याण्णव, राक्षस नाम संवत्सर, भाद्रपद मास. समुद्रकाठी एक राज्य होते. नाव सांगू नये ऐसी शपथ आहे म्हणोन सांगत नाही, आणि कोणी खोदून विचारील तर मला ऐकू कमी येते. राज्य थोर. गड इतका उंच की खालून सकाळी हाक मारिली तर वर पोहोचेतो दुपार व्हावी, आणि वरून उत्तर येईतो हाक मारणारा घरी जाऊन जेवून निजलेला असावा. जैसा इतर राज्यांत तोफखाना आणि पीलखाना, तैसा या राज्यात एक वाचनखाना होता, आणि तेथे जिवांच्या पोथ्या वाचीत असत. भाताच्या दाण्यापासून हत्तीपर्यंत प्रत्येक जिवाच्या अंगात, कणाकणांत, एक पोथी असते, आणि तिची अक्षरे चारच, आणि त्या चारांतच वाघास पट्टे कैसे पडावे आणि आंब्यास गोडी कोठून यावी हे सर्व लिहिलेले असते. पूर्वी हे काम भानजी वाचनवीस करीत. ते एक अक्षर वाचीत, मग आचमन करीत, मग दुसरे वाचीत. एका कोयीची पोथी वाचावयास त्यांस अकरा वर्षे लागली, आणि ‘आंबा गोड निघेल’ हे सांगावयास ते दरबारी आले, तो त्या कोयीचे झाड होऊन, फळे धरून, दरबाराने ती खाऊन वर हातही धुतले होते.

मग वाचनखान्यात आवडाबाई आल्या. त्या नक्कलनविसांच्या घराण्यातील. वाडवडिलांपासून घरी ग्रंथ उतरून काढावयाचे काम. त्या घराण्याची एक चाल होती, ती ध्यानात ठेवावी. गुरूच्या प्रतीत जे असेल ते जैसेच्या तैसे उतरावे, आपले शहाणपण घालू नये, येथपर्यंत की गुरूच्या पानावर डाग असेल तर तोही उतरावा. आवडाबाईंच्या पणजोबांच्या गुरूंनी लाडू खाता खाता सातव्या पानावर तूप सांडले होते, तर तेव्हापासून प्रत्येक शिष्य सातव्या पानी आला की वाटीत तूप मागवी आणि नेमके तेथेच एक थेंब टाकी. पुढे एका शिष्याच्या हातून शाईही सांडली, तर त्याचे शिष्य तूप आणि शाई दोन्ही टाकू लागले. यामुळे कोणतीही प्रत आवडाबाईंपुढे ठेविली की त्या डाग मोजून सांगत, ही प्रत अमक्या प्रतीवरून निघाली, आणि ती तमक्या प्रतीवरून. आजवर चुकल्या नाहीत.

आवडाबाईंनी पोथी वाचण्याची रीतच पालटली. म्हणाल्या, एकाने सलग का वाचावी? पोथीच्या हजार नकला कराव्या, त्यांच्या बारीक चिंध्या फाडाव्या, आणि लाख चिंध्या एकदमच वाचाव्या. भानजींनी कानांवर हात ठेविले. म्हणाले, “बाई, पोथी फाडता? हात झडतील!” आवडाबाई बोलल्या, “भानजीकाका, मूळ शाबूत आहे, नकला फाडते. तुमचे आचमन होईतो माझे पारायण उरकते, बघा तरी.” मग त्यांनी थोरल्या दालनाचे पडदे भरदुपारी पाडून अंधार केला, काचेच्या फरशीवर लाख चिंध्या चिकटविल्या, आणि प्रत्येक चिंधीपाशी एक काजवा बसविला. काजवे चार रंगांनी उजळणारे, तांबडे, पिवळे, हिरवे, निळे, जैसे अक्षर तैसा रंग. हे काजवे मी पाहिले नाहीत, पण ज्यांनी पाहिले त्यांच्या शेजारी माझी आजी राहात असे. एक एक अक्षर पुढे सरे आणि लाख काजवे एकदम लुकलुकत, आणि कारकून टिपून घेत, आणि मग एका चिंधीचे शेपूट दुसरीच्या तोंडाशी जुळवीत जुळवीत आख्खी पोथी उभी राही. एखादा काजवा झोपेत भलताच रंग दाखवी, म्हणोन एकच जागा तीस चिंध्यांत पाहावी आणि बहुतांचे जे म्हणणे ते धरावे ऐसा नेम होता. भानजींचे अकरा वर्षांचे काम एका दुपारी जाहले. खाऱ्या पाण्यात तग धरणारा भात कोणता ते कळले, आणि तळ्यातील एक तांब्या पाणी वाचले तर त्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या नऊशे जिवांची नावे निघाली, आणि त्या दिवसापासून भानजी पाणी गाळून पिऊ लागले.

ऐसे चालले असता राज्यात ताप आला. शिंका, मग खोकला, मग अंग तापून तांबडे होई, आणि दहा दिवसांत साठ माणसे गेली. दिवाण सुभानराव यांनी शोध केला आणि कोळीवाड्यावर बोट ठेविले, की हे लोक परमुलखाच्या गलबतांशी बोलतात, ताप यांनीच आणिला. आवडाबाईंस हुकूम जाहला की कोळीवाड्यातील नाके तपासा. आवडाबाईंनी कापसाच्या वातींनी वीस नाकांतून शिंका आणविल्या आणि वाचल्या. तापाची पोथी भारीच लबाड निघाली. तिला हात नाहीत, पाय नाहीत. ती दुसऱ्याच्या घरात शिरते आणि त्या घरच्याच कारकुनांस जुंपून आपल्या नकला करविते. आणि ती लिहिलेलीही कच्च्या कागदावर, ऊब लागता विरणारी, म्हणोन आवडाबाईंनी आधी ती पक्क्या कागदावर उलट उतरून घेतली, मग चिंध्या केल्या. विसांपैकी विसांत ताप सापडला. सुभानरावांनी पुढले ऐकले नाही. त्यांनी हुकूम लिहिला, आणि आपण न्यायी दिसावे म्हणोन कोणाचे नाव घातले नाही, इतकेच लिहिले की ‘ज्यांच्या घरून ताप निघाला, त्यांची नाव अमावास्येस जाळावी आणि त्यांस एकवीस दिवस खाडीपार सोडावे.’ कोणाचे नाव घातले नसले तरी कोण ते सर्वांस ठाऊक होते. हुजुरांचा शिक्का पडला, आणि त्या राज्यात शिक्का पडलेला हुकूम फिरत नसे, जैसाच्या तैसा बजावावा लागे. पौर्णिमेस हुकूम कोळीवाड्यात खांबाला ठोकला. मध्ये पंधरा दिवस.

तिसऱ्या दिवशी चांगुणा नाखवीण वाचनखान्यात आली. नवरा त्याच तापाने गेलेला, घरात सासू आणि तीन लेकरे, आणि पोटापाण्यास एक होडी. हुकमाचा कागद तिने खांबावरून उपटून आणला होता, तो आवडाबाईंपुढे टाकला. म्हणाली, “बाय, तुमी आमच्याच नाकात बघितलंत, तर आमच्याच नाकात गावनार. दुसऱ्या कुनाचं नाक बघितलंत का?” आवडाबाईंनी कागद उचलून सरळ केला. मग म्हणाल्या, “नाही बघितलं. चुकलंच माझं.” चांगुणा म्हणाली, “मग आता बघा. होडी जळल्यावर बघून काय उपेग? लेकरांना काय काजवे खायला घालू?” मग आवडाबाईंनी शहरभर वाती पाठविल्या. आणि वाचता वाचता त्यांस आपले घराणे आठवले, कारण तापाच्या नकला करणारे कारकूनही घाईत डाग पाडीत होते, आणि एकदा पडलेला डाग पुढल्या प्रत्येक नकलेत उतरत होता. कोळीवाड्याच्या पोथ्यांत कोठे तीन डाग, कोठे चार. कचेरीतल्या कारकुनांच्या पोथ्यांतही तीन, पण त्यांतले पहिले दोनच कोळीवाड्यासारखे, तिसरा निराळा. म्हणजे दोघांनी ताप एकमेकांकडून घेतला नाही, दोघांनीही कोणा दोन-डाग्याकडून घेतला. तो दोन-डाग्या कोण? आवडाबाईंची नजर हुकमाच्या कागदावर गेली. सुभानरावांस ओली शाई फुंकून वाळविण्याची खोड होती. आवडाबाईंनी कागदावरून वात फिरविली आणि वाचली. बरोबर दोन डाग.

चांगुणेने कपाळावर हात मारिला. म्हणाली, “दर बुधवारी ह्योच येतो बाजारात! सुरमईचे कल्ले उघडून नाक खुपसून वास घेतो, आनि आमच्या तोंडावर शिंकतो, आनि वर म्हनतो, मासळी ताजी नाय!” आता दिवाणांस ताप कोणी दिला? दिवाण बसतात हुजुरांच्या उजव्या हातास. परंतु हुजुरांच्या नाकात वात घालणार कोण? हुजूर शिंकले तर दरबारात ‘शिंकले’ म्हणण्याची सोय नव्हती, ‘नासिकेने गर्जना केली’ ऐसे म्हणत. तेव्हा आवडाबाईंस रायाजी रुमालबरदार आठवले. हुजुरांचा वापरलेला रुमाल धूत नसत, पवित्र मानीत; रायाजी तो तिथी लिहून, घडी घालून, तळघरात, पाणी गार करणारा सोरा नावाचा क्षार असतो त्याच्या गारव्यात, ठेवीत. आवडाबाई भीत भीत गेल्या आणि म्हणाल्या, “रायाजीभाऊ, रुमाल बघायचे होते.” रायाजींच्या डोळ्यांस पाणी आले. म्हणाले, “बावीस वर्षं हे काम करतोय, कुणी बघायला म्हणून आलं नाही. बसा, आधी गूळपाणी घ्या. कोणत्या सालचे दाखवू?” आवडाबाईंनी श्रावण वद्य दशमीपासूनचे मागितले, ते एक्केचाळीस निघाले. ती तिथी मागण्याचे कारण, त्या दिवशी परमुलखाच्या वकिलाने हुजुरांस सात पांढरी बदके नजर केली होती. बदकांवर हुजुरांचा जीव जडला. बदकांस पालखी, बदकांस गादी, आणि रोज प्रातःकाळी हुजूर चोचीस ओठ लावून त्यांचे कुशल पुसत. वद्य द्वादशीच्या रुमालात ताप निघाला आणि डाग एक. मग आवडाबाईंनी एका बदकाच्या घशातून वात फिरविली. ताप होता. डाग एकही नव्हता.

अमावास्येस दरबार भरला. चांगुणा दारापाशी उभी, खाली किनाऱ्यावर मशाली घेतलेले शिपाई. आवडाबाईंनी दरबारच्या मध्ये जाजमावर कागद मांडिले, जैसी घराण्याची वंशावळ मांडावी तैसे. वर बदक, खाली हुजूर, खाली दिवाण, त्याखाली दोन फांद्या, एक कचेरी आणि एक कोळीवाडा. सुभानराव हसले. म्हणाले, “नाकाची वंशावळ कोणी ऐकली आहे काय? कोळी आधी खोकले हे शहराने पाहिले!” आवडाबाई बोलल्या, “कोळी उघड्यावर खोकतात, दिवाणजी. तुम्ही उपरण्यात खोकता.” दिवाणांनी उत्तर द्यावयास तोंड उघडिले, तो त्यांस मोठी शिंक आली, आणि रायाजी धावत येऊन रुमाल धरून म्हणाले, “तिथी लिहून ठेवू का?” दरबार हसावे की नाही या विचारात पडला. मग दिवाणांनी आवाज उतरविला आणि हुजुरांस म्हणाले, “हुजूर, हे कागद खरे धरिले तर ताप सरकारवाड्यातून निघाला ऐसे होईल. बाईंनी कोळीवाड्याच्या कागदांतले पहिले दोन डाग पुसावे, म्हणजे झाले.” हुजुरांनी आवडाबाईंकडे पाहिले. आवडाबाई म्हणाल्या, “महाराज, आमच्या घरात गुरूचा तुपाचा थेंबसुद्धा कोणी पुसला नाही. मी साठ माणसांचा डाग कसा पुसू?”

हुजुरांनी जाजमावरची वंशावळ वरून खालपर्यंत वाचली. गादीवरचे बदक एकदा बोलले. मग हुजुरांनी चांगुणेस जवळ बोलाविले आणि विचारिले, “बाई, तुझ्या घरचे कोण गेले?” ती म्हणाली, “घरधनी.” हुजूर खाली पाहोन म्हणाले, “हुकूम वाचा.” वाचला, ‘ज्यांच्या घरून ताप निघाला, त्यांची नाव अमावास्येस जाळावी आणि त्यांस एकवीस दिवस खाडीपार सोडावे.’ हुजूर म्हणाले, “शिक्का आमचा आहे. जैसाच्या तैसा बजावा.” आणि मग हुजुरांची स्वतःची, सोन्याच्या चोचीची, बत्तीस वल्ह्यांची विलासनौका भर दिवसा किनाऱ्यावर जाळली, तिची चोच वितळून वाळूत गेली ती आजही ओहोटीस सापडते म्हणतात, मी काही शोधावयास गेले नाही. नौका जळाल्यावर खाडीपार कैसे जावे हा प्रश्न पडला, आणि चांगुणा म्हणाली, “बसा माझ्या होडीत. पन त्वांडाला फडकी बांधा, आनि दिवानजी, तुमी तिकडं मागं, जाळ्यापाशी.” मग हुजूर, दिवाण आणि सात बदके ऐसे नऊजण सुकटीच्या टोपल्यांमध्ये बसून एकवीस दिवसांसाठी खाडीपार गेले, आणि दिवाण वाटभर नाक धरून होते, आणि चांगुणा वल्हे मारता मारता विचारी, “काय दिवानजी, मासळी ताजी हाय ना?”

तात्पर्य इतके, की वाड्यातील मंडळी निराळी ठेविताच, आणि खाली खोकणाऱ्यांनीही तोंडास फडकी बांधिताच, ताप दिवाळीच्या आत ओसरला. कोळीवाडा राहिला. चांगुणेचा घरधनी परत आला नाही, तो कोणत्याही रीतीने येणार नव्हता, आणि हुजुरांनी परतल्यावर पहिल्याने तिच्या दारी जाऊन क्षमा मागितली. तेव्हापासून राज्यात साथ आली की पहिली वात गडावरच्या नाकांत जाते आणि मग खाली उतरते. तापाची पोथी हाती लागल्याने वैद्यांनीही तिचे कोणते पान अडविले असता ती लुळी पडते ते शोधून औषध केले. भानजी काजव्यांवर मुख्य जाहले आणि दुपारी त्यांच्यातच निजू लागले. रायाजींचे रुमाल वाचनखान्यात आले आणि त्यांस बघावयास लांबून लोक येतात. ही बखर समाप्त. हिच्या शेवटल्या पानावर तुपाचा एक डाग आहे, तो मूळचाच आहे. जो कोणी नक्कल करील त्याने तोही उतरून घ्यावा, म्हणजे ही गोष्ट कोणाकडून निघाली ते पुढे कळेल.