शेजारच्या सीटवरचे अठ्ठावन्न किलो

आमच्या सोसायटीत तांदळाला सीटबेल्ट लावून फिरायला नेणारा माणूस एकच आहे. सकाळी सव्वासहाला तळघरातल्या पार्किंगमधून एक लाल, ठेंगणी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार वर येते. चालवणारा सत्तरी ओलांडलेला, डोक्याला मफलर गुंडाळलेला. शेजारच्या सीटवर सोना मसुरीची पंचवीस किलोंची दोन पोती, एकावर एक, पट्ट्याने नीट बांधलेली, आणि खाली पाय ठेवायच्या जागी आठ किलोंची पिशवी.

"पोती म्हणजे धड, पिशवी म्हणजे पाय," राघूअण्णांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं होतं. "एकूण अठ्ठावन्न. म्हणजे आमची इंदू."

ही गाडी ताशी अठ्ठावीस किलोमीटरच्या वर गेलेली मी पाहिलेली नाही.

राघूअण्णांचे पणजोबा बंगळूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं आहे की मला पुण्याहून इथे येऊन अकरा वर्षं झाली तरी अधूनमधून अडखळायला होतं. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे असून ते मला अक्का म्हणतात. आधी मी मनाला लावून घेतलं होतं. मग ते लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या बाईलाही अक्काच म्हणताना ऐकलं आणि विषय संपवला.

सरकारी विमान कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं: विमान जमिनीवर टेकताना त्याच्या पायांना बसणारा दणका जिरवणं. "विमान दिवसातनं चारदा आपटतं," ते म्हणतात. "तुमची मोटार गेटपासून रिंग रोडपर्यंत चौदा वेळा. आता सांगा, कठीण काम कुठलं?"

चौदा म्हणजे स्पीडब्रेकर. बेळ्ळंदूरच्या आमच्या गल्लीत इतके आहेत, हे मलाही त्यांच्यामुळेच कळलं.

गाडी त्यांनी आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाकडून घेतली. तो परदेशी निघाला होता. त्याने गाडीला शर्यतीचे शॉक ॲब्सॉर्बर बसवून ती आणखी खाली आणली होती. दगडासारखी कडक. रॅम्प चढताना तिचं पोट घासायचं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज यायचा. अण्णांनी आल्या आल्या ते काढून टाकले आणि नवे शोधायला बसले. ते शोधणं सव्वा महिना चाललं. विकणाऱ्या एकाशी फोनवर झालेलं बोलणं त्यांनी मला अनेकदा ऐकवलंय.

"मी विचारलं, पन्नास किलो ठेवले तर स्प्रिंग किती मिलीमीटर दबते? तो म्हणतो, सर, बहुत स्पोर्टी है. मी म्हणालो, सरी, ठीक आहे, पण मिलीमीटरमध्ये किती स्पोर्टी?"

शेवटी त्यांना हवे तसे मिळाले. मऊ स्प्रिंगा, गाडी बोटभर वर उचलता येईल अशी सोय, आणि प्रत्येक शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यावर एक छोटं चाक. ते फिरवलं की टिक असा आवाज येतो आणि गाडी एका मात्रेने कडक किंवा मऊ होते. असे बत्तीस टिक. अण्णा त्याला क्लिक म्हणतात. बोम्मसंद्र्याच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी ते स्वतः उभं राहून बसवून घेतले. तिथल्या मेस्त्रीने संध्याकाळी हात जोडून म्हटलं म्हणे, "अण्णा, आता तुम्ही घरी जा."

तेव्हापासून अण्णांचं सगळं जग क्लिकमध्ये मोजलं जातं. कॉफी एक क्लिक कडक हवी. लिफ्टचं दार दोन क्लिक जोरात बंद होतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्यावरून भांडण पेटलं, तेव्हा ते मागून उठून म्हणाले, "अध्यक्षांनी तीन क्लिक खाली यावं. स्वल्प मऊ, स्वल्प मऊ." अध्यक्ष खरोखर खाली आले. 'स्वल्प मऊ' हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय आहे. गाडी, पोळी, उशी, जावई.

मी सोसायटीची सेक्रेटरी. अण्णांकडे पहिल्यांदा गेले ती तीन तक्रारी घेऊन. एक, पार्किंगमध्ये जॅक लावून गाडी उचलणं नियमात बसत नाही. दोन, पोत्यातून तांदूळ सांडतो. तीन, त्यामुळे उंदीर झालेत. अण्णा गाडीखालून बाहेर आले आणि त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही नंबर घालून बोलता, अक्का," ते म्हणाले. "फार चांगलं. तांदळाचा एकच दोष आहे, तो बोलत नाही. तुम्ही बसा बघू."

मी तक्रारी घेऊन गेले होते, ती वही घेऊन परतले. वहीत चौदा ओळी, दर स्पीडब्रेकरला एक. पुढचे क्लिक किती, मागचे किती, आणि धक्का कुठे बसला: कंबर, मान की दात. आठवड्यातून दोनदा पोती उतरायची आणि मी बसायचे. दाताचा रकाना आम्ही महिन्याभरात बंद करू शकलो.

हे सगळं कशासाठी, ते इमारतीत सर्वांना ठाऊक होतं. अण्णांच्या बायकोला, इंदक्कांना, या गाडीतून म्हैसूरला जायचं होतं. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते. बहिणीच्या यजमानांची मोठी थोरली गाडी आहे आणि तिच्याबद्दल ते दर फोनवर सांगतात. लाल रंग इंदक्कांनीच पसंत केला होता. पण गाडी घरी आली आणि दोन महिन्यांत त्या आजारी पडल्या. बरेच दिवस इस्पितळात काढून घरी आल्या तेव्हा कंबर पार गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास करा, पण धक्का नको.

"ट्रेनने जा ना," मी एकदा म्हटलं. "दोन-अडीच तासांत म्हैसूर."

"ट्रेनला लाल रंग द्या, जाते," इंदक्का म्हणाल्या.

गंमत अशी की रिंग रोड गाठला की पुढे म्हैसूरपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. अडचण होती ती पहिल्या दीड किलोमीटरची, आणि त्यातही सात नंबरची. हा स्पीडब्रेकर शाळेच्या भिंतीजवळ आहे. उंच, अरुंद, कुणी बांधला ते कुणालाच माहीत नाही. अण्णा दर रविवारी सकाळी इंदक्कांना गाडीत बसवायचे. एक ते सहा त्या गप्प असायच्या. सातला म्हणायच्या, "थांबवा." मग दार उघडून, अण्णांचा हात धरून उतरायच्या आणि कमरेवर हात ठेवून घराकडे चालू लागायच्या. मागून चालण्याच्या वेगाने, चारी दिवे लुकलुकवत, लाल गाडी.

एका रविवारी मी गेटवर होते.

"अहो, विमानातली माणसं तुम्हाला काही बोलत नव्हती का?" इंदक्का वळून विचारत होत्या.

"मी कुठं विमानात बसायचो?" अण्णा काच खाली करून म्हणाले.

"तेच म्हणते मी."

मार्चमध्ये बहिणीचा फोन आला. ती महिनाअखेरीला मुलाकडे परदेशी चालली होती, वर्षभरासाठी. म्हणजे जायचं तर आता, तीन रविवारांत. अण्णा दिवसातून दोनदा क्लिक बदलू लागले. माझ्या वहीत सातसमोर 'ठीक' असा शेरा पडायला लागला. मला काहीच लागत नव्हतं. इंदक्का मात्र रविवारी सातला उतरत होत्या.

त्याच आठवड्यात क्लबहाउसमध्ये आमची आरोग्य तपासणी होती. यादी माझ्याकडे. नाव, वय, रक्तदाब, वजन. इंदक्का काट्यावर उभ्या राहिल्या. सेहेचाळीस. मी पेन थांबवलं.

"उतरून परत चढा बघू," मी म्हटलं.

"सेहेचाळीसच आहे," त्या म्हणाल्या. "मला माहितेय."

"पण अण्णा तर अठ्ठावन्न..."

"मीच सांगितलं त्यांना. इस्पितळातनं आल्यावर विचारलं, तेव्हा म्हटलं, आहे तेवढंच आहे. खरं सांगितलं असतं तर रोज ताटासमोर येऊन बसले असते, मिलीमीटर मोजत. तुम्ही काही बोलू नका, अय्यो."

वजन कमी सांगणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यांत मीही आहे. बारा किलो जास्त सांगणारी ही पहिलीच.

आता हिशेब लागत होता. माझ्या किंवा पोत्यांच्या वजनाला बेतलेली गाडी हलक्या माणसाला उडवणारच. इतकं मलाही अण्णांनीच शिकवलं होतं. दोन दिवस मी वही उघडली नाही. मी इंदक्कांना शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. आणि दोनच रविवार उरले होते.

तिसऱ्या दिवशी खाली गेले. अण्णा पोती बांधत होते.

"अण्णा, थोड्या कमी वजनाला लावून बघायचं का?"

"किती कमी?" त्यांनी मान वर केली नाही.

"बारा."

पट्टा ओढणारा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पट्टा पुन्हा सरळ केला, पीळ पडला होता तो काढला.

"सेहेचाळीस," ते म्हणाले. "माहितेय, अक्का."

"तुम्हाला इंदक्कांनी सांगितलं?"

"ती कशाला सांगेल." त्यांनी शर्टाच्या खिशातली स्टीलची पट्टी काढून दाखवली. "ती बसली की मी चाकाची हवा बघतो म्हणून खाली वाकतो ना? हवा नाही बघत. चाकाच्या वर ही फट असते, ती मोजतो. नव्या स्प्रिंगा बसवल्या तेव्हा ती बसली की गाडी जेवढी दबायची, तेवढी आता दबत नाही. पहिल्याच रविवारी कळलं मला. चौतीस वर्षं दुसरं काय केलं?"

"मग पोती अठ्ठावन्नची का?"

"ती होणार आहे ना परत अठ्ठावन्न." पुढच्या महिन्यात टाकी साफ होणार आहे, असं मी ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात ते बोलले. "डॉक्टर म्हणाले, भरून यायला सहा महिने, फार तर वर्ष. मग तेव्हा सगळं परत कोण लावत बसणार?"

क्लिक बदलायला दोन मिनिटं लागतात. आदल्याच दिवशी त्यांनी ते दोनदा बदललेले मी पाहिले होते.

त्यांनी पोत्यांचा पट्टा सोडला. मग त्यांनी पायाशी ठेवलेली आठ किलोंची पिशवी उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. वरच्या पोत्याची शिवण उसवली आणि स्टीलच्या पेल्याने वजनकाट्यावरच्या डब्यात तांदूळ काढायला सुरुवात केली. एक पेला, दुसरा पेला. चार किलो व्हायला बराच वेळ लागला. एकदा तर काढलेल्यातला अर्धा पेला त्यांनी परत आत ओतला, काट्याकडे पाहिलं, आणि पुन्हा काढला. शेवटी त्यांनी काढलेल्यातलेच काही किलो दुसऱ्या छोट्या पिशवीत भरून पायाशी ठेवले, कारण पाय तर हवेतच, आणि तेवढे पुन्हा पोत्यातून कमी केले.

"स्वल्प मऊ," ते गाडीच्या नाकाशी वाकत म्हणाले. पुढे पाच क्लिक, मागे चार.

रविवारी मी सातजवळ जाऊन उभी राहिले. लाल गाडी आली, पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली. दार उघडलं नाही. इंदक्का समोर पाहत होत्या, अण्णा इंदक्कांकडे पाहत होते, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. गाडी आठ नंबरकडे निघून गेली.

त्या म्हैसूरला आठ दिवस राहिल्या. बहिणीच्या यजमानांनी लाल गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि "फार खाली आहे," एवढंच म्हणाले, असं इंदक्कांनी मला फोनवर अतिशय समाधानाने सांगितलं.

दोघं परतले त्या दुपारी मी पार्किंगमध्ये पाण्याच्या मीटरची नोंद घेत होते. गाडी जागेवर लागली. इंदक्का उतरायला लागल्या तसे अण्णा पलीकडून धावत आले.

"थांब, थांब. उतरू नको."

"आता काय?"

"हवा बघतो."

ते गुडघ्यावर बसले. खिशातून पट्टी काढली, चाकाच्या वर धरली, चष्मा वर केला, पुन्हा धरली. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, अर्धा मिलीमीटर. दोन किलो तरी असतील."

इंदक्कांच्या मांडीवर बहिणीने दिलेली अप्पेमिडीच्या, म्हणजे इकडच्या कोवळ्या कैऱ्यांच्या, लोणच्याची बरणी होती. चिनीमातीची, गळ्यापर्यंत भरलेली, दोन्ही हातांनी धरलेली. दोन किलोंहून काही कमी नसेल.

"दोन किलो," मी म्हटलं, आणि वहीत तारीख घालून तसं लिहिलं.

अण्णांनी बॉनेट उघडलं आणि वाकून छोटं चाक एका टिकने घट्ट केलं. बरणी त्यांनाही दिसत होती.