कुणीच सुधारत नाही अशी कादंबरी

चांगलं पुस्तक कोणतं हे वाचणाऱ्यापेक्षा निवडणाऱ्याला आधी कळतं, या सत्यावरच जगातल्या समित्या उभ्या आहेत. आमच्या वाचनालयाची ‘स्वमग्न नायक असलेल्या उत्तम कादंबऱ्या’ निवडणारी समिती त्यांतलीच. बाबा अध्यक्ष, मी चिटणीस, ग्रंथपालबाई सदस्य. स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, माणूस समितीत एकही नाही (निःपक्षपातीपणा राहावा म्हणून).

मागणी आत्याची होती. आत्या बाबांची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि स्वतः स्वमग्न आहे. तिला आपल्यासारखी नायिका असलेली गोष्ट वाचायची होती. इतकी साधी मागणी समितीने गांभीर्याने घेतली, म्हणजे अवघड केली.

निकष ठरले. नायक गणितात तरबेज हवा. ते न जमल्यास चित्रकला चालेल. गोष्ट आईने किंवा भावाने सांगावी. नायकामुळे घरातलं कुणीतरी सुधारावं, आणि निम्मे सदस्य तरी रडावेत. (आम्ही तिघंच असल्याने बाबा दीड माणसाचं रडत.)

अशी सात पुस्तकं आत्याने वाचून परत केली. म्हणाली, “आई कळली, भाऊ कळला, डॉक्टर तर नको इतका कळला. तो मुलगा कुठे होता?”

मग तिचं पुस्तक तिलाच सापडलं. रहस्यकथांच्या कपाटात, पाठ उसवलेलं. नायिका स्वमग्न आणि अट्टल चोर. बेरीज बोटांवर करते, दिव्यांची गुणगुण सोसत नाही म्हणून अंधारात घरं फोडते, प्रेमात पडते, सापडत मात्र नाही. वाचताना आत्याचा चेहरा उतू जाणारं दूध वेळेवर उतरवावं तसा निवत गेला. तिने ते चारदा नेलं. पाचव्यांदा मागितलं तेव्हा बाबांनी ते वाचलं आणि तातडीची बैठक बोलावली. ठराव असा: या पुस्तकात कुणीच सुधारत नाही, सबब एकुलती प्रत रद्दीत काढावी.

आत्या बैठकीला आली. बाबा मायेने म्हणाले, “अगं, तुझ्याच भल्यासाठी. लोकांना वाटेल, तुम्ही लोक चोऱ्या करता.”

“दादा, तू वाचतोस त्या गोष्टींत कारकून खून करतात. तू जन्मभर कारकुनी केलीस. कुणी काढून टाकली ती पुस्तकं?”

बाबांनी लगेच मतदान पुकारलं. ग्रंथपालबाई आत्याकडून, बाबा विरुद्ध. मी तटस्थ राहिले (घरात जेवायचं असतं). अध्यक्षांच्या जादा मताने ठराव मंजूर.

भांडण नाही, तंटा नाही. आत्याने रद्दीच्या गठ्ठ्यातून पुस्तक उपसलं, पिशवीत टाकलं आणि चालती झाली. रद्दी नेणं हा गुन्हा ठरत नाही, असं बाबांनी जड मनाने इतिवृत्तात घालायला लावलं. ग्रंथपालबाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

आता आत्या दारातून मागे फिरली असेल, बाबांच्या गळ्यात पडली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. ती फिरली नाही. जरा हिरमोड झाला ना?

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्जाची गरज नाही. तुमची निवड झालेली आहे.