मशीन बघायला आलेले सतरा जण

माणसाने कामाआधी अवजारांची निवड नीट करावी आणि शक्यतो आयुष्यभर करत राहावी. कारण अवजार एकदा ठरलं की काम करावं लागतं.

हे सत्य मला वडील गेल्यावर कळलं. ते वेल्डर होते. छत्तीस वर्षं एकाच भाड्याच्या गाळ्यात, दोन मशीन बाळगून: एक लोखंड जोडायचं, एक कापायचं. गाळा शनिवारपर्यंत रिकामा करायचा होता. दोन्ही मशीन भंगारात जाऊ नयेत, खरंच काम शिकू पाहणाऱ्या नवशिक्याच्या हाती पडावीत, म्हणून मी दारावर पाटी लावली: फुकट द्यायची आहेत. (हा शब्द वाचता येणाऱ्यांचं प्रमाण समाधानकारक आहे.) पाच दिवसांत सतरा जण आले.

नवशिक्या मशीन कसं निवडतो हे शिकण्यासारखं आहे. आधी तो अँपिअर विचारतो. सतरापैकी तेरा जणांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "किती अँपिअरचं?" दोनशे म्हटल्यावर अकरा चेहरे पडले. त्यांना चारशे हवं होतं. त्यातल्या एकाला बाल्कनीत कुंड्यांचा स्टँड करायचा होता. बाकीच्यांचं अजून ठरायचं होतं. (चारशे अँपिअरवर स्टँड होत नाही, भोक पडतं. पण प्रशस्त पडतं.)

त्यानंतर रंग. वडिलांच्या मशीनवर रंग असा उरला नव्हता, आणि हल्ली लाल छान येतात ही माहिती मला चौघांनी स्वतंत्रपणे दिली.

एक निवृत्त हेडक्लार्क मात्र अभ्यास करून आले होते. तीन वर्षं व्हिडिओ बघून त्यांनी बावन्न मशीनचा तुलनात्मक तक्ता केला होता. मशीन एकही घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा आजवर वेल्डिंगचा एकही टाका चुकलेला नाही. वडिलांचे चुकायचे. गृहस्थांनी वडिलांच्या टेबलावरून नजर फिरवली आणि "पद्धत जुनी होती यांची," असं सौम्यपणे सांगितलं. मी आभार मानले.

कापायच्या मशीनबद्दलची चौकशी वेगळी. फिरत्या चाकावर हाताच्या रक्षणासाठी एक कव्हर असतं. ते काढता येईल का, असं नऊ जणांनी विचारलं. नीट दिसत नाही म्हणे.

"काय काय कापतं हे?" एकाने विचारलं.

"लोखंड, पाइप, बोट. भेदभाव करत नाही."

"मग मजबूत आहे," तो म्हणाला.

प्रत्येकासमोर मी दोन पट्ट्या ठेवल्या, हातात मास्क दिला आणि म्हटलं, "एक टाका मारून बघा." पाच जणांचा शर्ट नवा होता. एकाचा चष्मा घरी राहिला होता. दोघांना तातडीचे फोन आले, जे मला ऐकू आले नाहीत. उरलेले आठ जण "आज नुसतं बघून जातो" म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला.

सतरावा माझा आत्तेभाऊ. त्याने शनिवारी सकाळी, भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा असताना, टाका मारला. पट्ट्या जोडल्या गेल्या नाहीत. रॉड मात्र पट्टीला घट्ट चिकटला. तो हसला, रॉड उपटला आणि पुन्हा मारला. तिसऱ्या वेळेला पट्ट्या धरल्या. मी टेम्पोवाल्याला परत पाठवलं.

दोन्ही मशीन त्याच्या गाडीत चढली. मग मी धूर ओढून घेणारा पंखा पुढे केला. वडिलांनी तो शेवटच्या वर्षी, डॉक्टर ओरडल्यावर घेतला होता. कोरा होता.

"ताई, हा राहू दे. डिकी भरली."

"मामा कशाने गेले, माहीत आहे ना तुला?"

"हो गं. पण मामांचं रोजचं होतं, माझं रविवारपुरतं." मग जरा विचार करून म्हणाला, "मशीनमध्ये तर काही बिघाड नाही ना?"

नव्हता. मशीनला फुप्फुसं नसतात. मी मागची सीट रिकामी करून पंखा तिथे बसवला आणि वर पट्टा लावला. त्याला ते पटलं नाही. घरी पोचल्यावर तो पंख्याचं काय करेल, याबद्दल मला काही आशा नाही.

इथवर वाचून तुम्ही त्याला मूर्ख ठरवलं असेल. सुरक्षेची जाण तुम्हाला अर्थातच आहे. तुमच्या घराचं फाटक बसवलं जात होतं, तेव्हा "तिकडे बघू नका, डोळे जातील," असं सांगून तुम्ही मुलांना आत घेतलंत. धूर येऊ नये म्हणून दार लावलंत, खिडक्याही. सगळं अगदी योग्य केलंत. दाराच्या त्या बाजूला माझे वडील होते.