धनेंद्रच्या गाडीचे मागचे पाटे

एवढी चांगली पिकअप, ती उंच करायची बुद्धी तुला कुठून झाली, असं धनेंद्र रहांगडालेला कुणी विचारलं तर तो अजूनही छाती पुढे काढून सांगतो, "बांधीत पोट घासून राहिली होती न जी!" हे खोटं नाही. त्याची धानाची शेतं, म्हणजे बांध्या, इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली. चिखलात गाडी टेकली की ती काढायला बैल बोलवावे लागत आणि शेजारच्या बांधीतून लोक सल्ले देत. (बैलांचं त्याला काही वाटत नसे. सल्ल्यांचं वाटे.) म्हणून त्याने गाडी थोडी उंच करायचं ठरवलं. एवढंच ठरवलं होतं बिचाऱ्यानं.

गावातच त्याने मागच्या ॲक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये लोखंडी गुटके ठोकून घेतले, पुढेही काहीबाही भरलं. गाडी अशी काही उठली की त्याच्या बायकोला, रविताला, चढायला स्टूल लागू लागलं. बांध्यांमधले मातीचे धुरे मात्र गाडी लीलया ओलांडायची. फक्त सडकेला लागली की डुलायची. डावीकडे वळवली की आधी उजवीकडे झुकून विचार करायची, आणि ब्रेक मारला की मागचा भाग उठून पुढच्या भागाला भेटायला यायचा. धनेंद्र म्हणायचा, "मोठ्या गाड्या अशाच चालतात." मोठ्या गाडीत तो आयुष्यात बसला नव्हता.

मग एकदा नवेगाव बांधच्या बाजारातून येताना एका वळणावर रविताच्या मांडीवरचं दह्याने भरलेलं गंज उसळलं आणि तिच्याच डोक्यावर पालथं झालं. ती खाली उतरली, तशीच चालत घरी आली आणि बोअरवेलवर, साऱ्या बाया पाणी भरत असताना, तिनं जाहीर केलं.

"मंडईले मी माहेरी एसटीनं जाईन. याईच्या गाडीत बसली त माझं नाव बदलून टाका."

हे धनेंद्रच्या वर्मी लागलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, आज या गावाची तर उद्या त्या गावाची. दिवसा पाहुणे, रात्री दंडार नाहीतर नाटक. सासुरवाडीच्या मंडईला जावई कसा येतो हे सारं गाव वेशीवर उभं राहून बघतं. तिथं बायको एसटीतून उतरणार आणि हा मागून रिकामी गाडी डुलवत येणार! त्यापेक्षा न गेलेलं बरं. पण न जाऊन चालणार नव्हतं, आणि रविताशिवाय जाऊन तर मुळीच नाही.

त्याने तडक गोंदिया गाठलं. तिथं दुर्गाप्रसाद मिस्त्री गाडीखाली शिरला आणि आतूनच म्हणाला, "भैया, ये गुटके किसने ठोके?"

"गावात ठोकले जी."

"उससे बोलो, खाट ठोके. गाड़ी को हाथ न लगाए."

दुर्गाप्रसादने गुटके काढून फेकले. त्यांच्या जागी चांगली कमान असलेले लांब पाटे चढवले, उंचीला पुरतील असे शॉकअप लावले आणि गाडी एका अंगावर कलू नये म्हणून मागे एक आडवी जाड सळई बसवली. धनेंद्र दिवसभर उलट्या डब्यावर बसून होता. परत येताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. उंची तेवढीच, पण गाडी सांगाल तिकडे वळत होती, झोल म्हणून नाही! एकच बारीकसा दोष होता. रिकाम्या गाडीचा मागचा भाग खड्ड्याखड्ड्यावर टुणकन उडत होता.

त्याने फोन लावला. "मालगाड़ी के पाटे हैं भैया," दुर्गाप्रसाद म्हणाला. "पीछे वज़न डालो, मक्खन हो जाएगी."

वजन कुठून आणायचं? धनेंद्रचा लवकर येणारा हलका धान खाण्यापुरताच कोठीत होता आणि उशिरा येणारा भारी धान अजून शेतात उभा होता. घराशेजारी होती ती गोठ्याच्या प्लास्टरची उरलेली रेती. ती त्याने धानाच्या पोत्यांत भरली. (गळू नये म्हणून आत युरियाच्या थैल्या घातल्या. डोकं अगदीच नव्हतं असं नाही.) तोंडं नीट शिवली आणि गावाला एक चक्कर मारली. मक्खन!

मंडईच्या सकाळी रविता पिशवी घेऊन एसटीकडे निघाली होती. गाडीतली पोती पाहून ती थबकली.

"माहेरी धान नेऊन राहिले तुम्ही?" ती हळूच म्हणाली. "नवा धान?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा असा आवाज धनेंद्रने ऐकला नव्हता. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून आलं ते असं, "मंग? येवढंही नाही न्याचं का?"

तिनं पिशवी आत टाकली. स्टूल ठेवलं आणि गाडीत चढली. आमगावच्या पुढे सासुरवाडीपर्यंत गाडी अशी गेली की तिनं मांडीवरच्या डब्याला हातही लावला नाही. एकदा तर म्हणाली, "चांगली चालते जी आता." धनेंद्रला आकाश ठेंगणं झालं. रेतीचं काय, ती परत न्यायचीच होती.

पण सासरे जीवनलाल वेशीवर उभे होते, आणि धानाच्या मुलखात तोंड शिवलेलं पोतं म्हणजे धानच. गाडी थांबायच्या आत मेहुणा खुमेंद्र दोघांना घेऊन मागे चढला.

"भाऊजी, भलतीच जड हायेत!"

"ओला असन," धनेंद्र म्हणाला. (त्याला स्वतःलाच हे पटलं.)

पोती ओसरीत लागली. सासू गिरजाबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. जीवनलाल येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने दाखवत होते, "जवाईबापूनं आनला. घरचा, नवा." आणि रविता! ती तर बहिणींमध्ये अशी बसली होती की धनेंद्रने तीनदा तिला बाजूला बोलवायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा तिचा चेहरा पाहून परत फिरला.

मग त्याने तो विषयच डोक्यातून काढला. गावातली माणसं गाडीभोवती जमली होती आणि धनेंद्र गाडीखाली उताणा पडून त्यांना पाटे दाखवत होता. "ही सळई पाहा. ही नसती त गाडी कलली असती. अन् हा शॉकअप..." त्याच वेळी त्याच्या नजरेसमोरून एका सायकलचं चाक गेलं. चाक पार दबलेलं होतं.

"काय चाललं रे त्या सायकलवर?" त्याने खालूनच विचारलं.

"तुमचंच पोतं जी. जीवनलाल मामाजी म्हनाले, संध्याकाळच्या पंगतीले जवाईबापूच्याच धानाचा भात पायजे. शालीकरामच्या मिलमध्ये नेऊन राहिले."

धनेंद्र उठला आणि त्या आडव्या सळईवर त्याचं कपाळ आपटलं. (सळई मजबूत होती, हे सिद्ध झालं.) कपाळ धरून तो पळत सुटला. भात गिरणीत रेती गेली तर यंत्राचं काय होईल हे गोंदिया जिल्ह्यात लहान पोरालाही कळतं. मिलचा पट्टा फिरत होता, शालीकराम पोतं उचलून तोंड सोडत होता.

"थांबा! त्यात धान नाही!"

"मंग का हाये?"

"रेती!"

शालीकराम हसला. जवाई थट्टा करून राहिला असं त्याला वाटलं. त्याने दोरा ओढला आणि त्याच्या पायावर रेती सांडली. पट्टा बंद झाला. इतका वेळ कुणाला ऐकू न आलेला मंडईचा भोंगा मग सगळ्यांना ऐकू येऊ लागला.

जीवनलाल आले, मागोमाग रविता. धनेंद्रने मग काही राखून ठेवलं नाही. गुटके, पाटे, दुर्गाप्रसाद, उडणारा मागचा भाग, सारं सांगितलं. "रविता गाडीत बसावी म्हनून केलं मामाजी," तो म्हणाला. "एसटीनं येऊन राहिली होती."

जीवनलालांनी वाकून मूठभर रेती घेतली. बोटांतून सोडली. पुन्हा घेतली.

"चाळलेली हाये?"

"हो जी. गोठ्याच्या प्लास्टरची."

"सारीच पोती?"

"सारीच."

"अबे खुमेंद्र!" जीवनलाल ओरडले. "पोती न्हानीघराकडे लाव! पावसाळ्यापासून प्लास्टर अडून हाये माझा, एक घमेलं रेती भेटून नाही राहिली. धान त कोनीही आनते रे, रेती आनून दाखवा!"

मिलमध्ये हशा पिकला. धनेंद्रची छाती पुन्हा जागेवर आली, किंबहुना जरा पुढेच. रविता मात्र हसली नाही.

"मले कायले नाही सांगतलं?"

"तू खूश झाली होती न," धनेंद्र म्हणाला.

ती त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहत राहिली. मग पदर ओला करून तिनं तो त्यावर दाबला, जरा गरजेपेक्षा जास्त जोरात.

दुसऱ्या दिवशी धनेंद्रच्या गावची मंडई. रेती न्हानीघरात गेली होती आणि गाडी रिकामी होती. रविताने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माहेरच्या गोतावळ्याकडे, आणि दोन्ही मावश्या, मामी, आत्या, त्यांच्या लेकी अशा साऱ्याजणी मागे चढवल्या. खुमेंद्रने स्टिअरिंग धरलं. ती स्वतः शेजारी बसली.

"अन् मी?" धनेंद्रने विचारलं.

"मागच्या कोपऱ्यात बसा. तिकडचा पाटा रिकामा दिसून राहिला."

तो बसला. पण खरं सांगायचं तर इतका अभिमान त्याला कधीच वाटला नव्हता. खड्डे येत होते, जात होते, आणि मावशीच्या हातातल्या कपातला चहा हलत नव्हता. गाडी जरा कलली की मामी म्हणत, "जवाईबापू, थोडं इकडे सरका," आणि तो सरकायचा. साऱ्या रस्त्याने तो आत्याबाईंना पाट्यांची कमान समजावत होता. आत्याबाईंनी शेवटी डोळे मिटले.

घर आलं. रविता उतरली. मागचं फळकूट खाली पडलं, मावश्या उतरल्या, मामी उतरल्या, पाहुणचाराची हाक झाली. धनेंद्रने शर्ट झटकला, गाडीच्या काठावर हात ठेवला आणि खाली उडी मारायला पाय उचलला.

"तुम्ही बसून राहा जी," रविता म्हणाली. "खुमेंद्रले गाडी अंगनात लावाची हाये. रिकामी उडते."