गाड्यांना काजळ घालणारे बिरूतात्या

"सर, डोळं कवा काढायचं?"

सकाळी साडेसहाला फाटकावर हात टेकून कुणी तुम्हाला असं विचारलं तर तुम्ही काय कराल? आमचे मेहुणे पुण्याहून पहिल्यांदाच वरवंडला मुक्कामाला आले होते. त्यांनी हातातला चहा लुंगीवर सांडला आणि हळूच मला विचारलं, "भाऊबंदकी आहे का काही?"

भाऊबंदकी नाही हो. हे आमचे शेजारी बिरूतात्या. माझे नव्हे, माझ्या गाडीचे डोळे काढायला ते दोन वर्षं टपून बसले होते. गाडीचे पुढचे दिवे सोडवायचे, गरम करून त्यांची काच उचकटायची, आतली चंदेरी कड काळी रंगवायची, काच परत चिकटवायची आणि दिवे होते तिथं बसवायचे, हा तात्यांचा उद्योग. धंदा म्हणावा तर दुकान नाही, पाटी नाही. छंद म्हणावा तर छंदवाली माणसं शेजाऱ्याला इतकं छळत नाहीत. तात्या स्वतः त्याला 'काजळ घालणं' म्हणतात.

"लेकराला बिनकाजळाचं बारशाला बसवता का, सर? मग गाडीनं काय घोडं मारलंय?"



रोज सकाळी तात्या हायवेच्या कडेच्या टपरीवर रस्त्याकडे तोंड करून बसतात आणि सोलापूरकडं जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची तोंडं बघतात. भलीमोठी नवीकोरी गाडी गेली की टपरीवरची सगळी मंडळी मान वळवून बघतात. तात्या तोंड वाकडं करतात. "पांढऱ्या बुबुळाची! एवढं रूप दिलं, आन् डोळं बघा, उकडलेल्या अंड्यावानी." एकदा टपरीवर चहाला थांबलेल्या नवरदेवाला त्यांनी हे त्याच्याच सजवलेल्या गाडीबद्दल ऐकवलं होतं. नवरदेव भला माणूस. हसला आणि निघून गेला.

तात्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मेंढरांच्या पाठीवर खुणेचा रंग लावायचं काम लहानग्या बिरूकडं होतं, म्हणजे हाताला रंग तेव्हापासूनचा. पुढं तात्या शिरूरकडच्या एका कंपनीत पेंटशॉपला लागले. पंचवीस वर्षं फ्रीजची दारं रंगवली. आणि रंग कुठला? पांढरा! "सर, सपानातबी पांढरंच दिसायचं." रिटायर झाले त्या दिवशी कंपनीनं शाल दिली, नारळ दिला. तात्यांनी घरी येताना शिरूरच्या बाजारातून काळ्या स्प्रेचा डबा आणला. त्यांच्या बायकोनं, सोनाकाकूंनी विचारलं, हे कशाला? तात्या म्हणाले, "बदल म्हनून."

कंपनी सुटली, पण कंपनीच्या सवयी काही सुटल्या नाहीत. तिथं तयार मालावर चिठ्ठी लावायची पद्धत होती. तात्या आजही घरात हात लागेल त्या वस्तूला चिठ्ठी लावतात. दळण आणलं की पिठाच्या डब्यावर चिठ्ठी: बाजरी, वार, ओके, खाली सही. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी. एकदा मी त्यांच्याकडून शिडी मागून आणली, तर तिच्यावर 'तिसरी पायरी नॉट ओके' असं लिहिलेलं. तात्या गावाला हजार थापा मारतील, पण चिठ्ठीवर खोटं लिहिणार नाहीत. हात धजत नाही त्यांचा.

घरात तात्या एकटेच. सोनाकाकू चाकणला मुलाच्या फ्लॅटवर नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. तात्याही गेले होते, आठव्या दिवशी पिशवी घेऊन परत. "तिथं कुनाचं दार वाजवलं तर मानूस आधी भोकातनं बघतंय. आन् बघून बी उघडत न्हाई!"

काकूंचा केकचा ओव्हन मात्र इथंच राहिला. मुलानं आईला हौसेनं घेऊन दिलेला. काकूंनी त्यात एकच केक केला, तो कुत्र्यानंही हुंगून सोडला म्हणतात. मग तात्यांनी त्यात गाड्यांचे डोळे भाजायला सुरुवात केली. पहिला प्रयोग स्वतःच्या जुन्या जीपवर. उत्साहाच्या भरात त्यांनी बल्बभोवतीची चकचकीत वाटीसुद्धा काळी करून टाकली. आता उजेड पडतो तो त्या वाटीमुळेच, हे गावातल्या पाचवीच्या पोरालाही कळतं. जीप पुढं महिनाभर दिवे लावूनही अंधारातच चालली. "काजळ पापनीला घालायचं, बाहुलीत न्हाई," हा सिद्धांत तात्यांनी तेव्हा मांडला. जगातले सगळे मोठे सिद्धांत असेच कुणाची तरी जीप खड्ड्यात गेल्यावर निघत असावेत.

दुसरा प्रयोग माजी उपसरपंचांच्या गाडीवर. त्यांची गाडी मोठी, तिचा डोळा ओव्हनमध्ये मावेना. दिवाळी तोंडावर आलेली. आमच्याकडं दिवाळीत बाया पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि आपापली नानकटाई भाजून आणतात. त्या रांगेत तात्याही उभे राहिले, पत्र्याच्या ट्रेमध्ये दिवा घेऊन. पुढच्या बाईनं मागं वळून विचारलं, "तुमची किती किलो?" तात्या म्हणाले, "एकच डोळा हाय." बाई नंबर सोडून घरी गेली.

भट्टीवाल्या अन्वरभाईला तात्यांनी बजावलं होतं, सात मिनिटं, मंद आचेवर. पण तो दिवाळीच्या घाईत. त्यानं सगळे ट्रे एकदमच आत सारले आणि नानकटाई खुसखुशीत झाल्यावरच बाहेर काढले. काच एका बाजूनं खाली ओघळली होती. दुसरी मिळेना, म्हणून तीच बसवली. तेव्हापासून माजी उपसरपंचांची गाडी साऱ्या गावाला डोळा मारत हिंडते. पुढच्या निवडणुकीत ते पडले, त्याचं खापर ते अजून तात्यांवरच फोडतात.

इतकं डोळ्यांदेखत घडूनही मी माझी गाडी तात्यांच्या हवाली केली. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

कारण होतं निमोण्याचं. तिथं माझी बहीण सुमन दिली आहे. तिच्या मुलीचा साखरपुडा मे महिन्यातल्या एका रविवारी ठरला. सुमनचा फोन आला, "दादा, पोरगी घरातून कार्यालयात मामाच्याच गाडीत बसून जाणार. पाहुणे मोठे आहेत. चारचौघांत माझं नाक कापू नको." मी बाहेर येऊन गाडीकडं पाहिलं. दहा वर्षांच्या उन्हानं दिव्यांच्या काचा पिवळ्या पडलेल्या. बायको म्हणाली, "कावीळ झालीय हिला. न्या शेजारी."

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी तात्यांनी गाडीचा बंपर उतरवला, दिवे सोडवले, वायरी लोंबत ठेवल्या आणि दोन्ही डोळे काखोटीला मारून निघाले. अंगणात माझी गाडी तोंडाला दोन भगदाडं पाडून उभी. "मंगळवारी घ्या," तात्या म्हणाले.

मंगळवारी पाचला गेलो. "अजून वाळलं न्हाई, सर. बसा, चहा ठिवतो."

बुधवारी गेलो. "दुसरा कोट मारलाय. बसा की."

गुरुवारी गेलो. "काच चिकटवलीया, पन तिला बसू द्याया पायजे. घाई केली की डोळ्याला पानी सुटतंय. तुमी आदी टेका तर खरं."

ओसरीवर पाच खुर्च्या मांडलेल्या असत. कासुर्डीचा दुधाच्या टेम्पोवाला नामदेव अकरा दिवस त्यातल्या एका खुर्चीत येऊन बसत होता. गुरांचे डॉक्टर आठ दिवस. रोज पाच वाजता आम्ही तिघे जमायचो, तात्या चहा द्यायचे, मग म्हशीचं दूध, नामदेवची सासू, कंपनीतला एक खाष्ट साहेब, असे विषय निघायचे. सात वाजता तात्या हळहळून म्हणायचे, "आज काय वाळल आसं वाटत न्हाई. उद्या या." आम्ही उठायचो.

शेजारी माझ्या बायकोच्या कुरडया गच्चीवर दोन दिवसांत वाळून कडकडीत झाल्या. ऊन असं की चप्पल ओट्यावर राहिली तर वाकडी व्हावी. आणि अर्ध्या तासात वाळणारा तात्यांचा रंग चार दिवस ओलाच! मी शाळेत विज्ञान शिकवतो. बाष्पीभवन हा माझा हातखंडा धडा. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शुक्रवारी दुपारी सुमनचा फोन आला, "गाडी धुतली का?" माझा जीव टांगणीला लागला. भर उन्हात तसाच तात्यांकडं गेलो. दार उघडं, तात्या मागं विहिरीवर. "तात्या!" करत मी आतल्या खोलीत शिरलो.

खाटेवर काकूंच्या जुन्या पातळाच्या घड्या घातलेल्या आणि त्यांवर तीन जोड्या दिवे ओळीनं मांडलेले. काय सांगू, देखणे! काचा चकचकीत, आतला काळा रंग एकसारखा, कुठं ओघळ नाही की बोटाचा ठसा नाही. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी. माझ्या एका दिव्यावर लिहिलं होतं: 'सर. उजवा. सोमवार. ओके.' खाली सही. नामदेवच्या टेम्पोचे दिवे त्याच्याही आधीच्या मंगळवारी ओके झाले होते.

तात्या बादली घेऊन आत आले.

"तात्या, सोमवारी झालेत हे!"

त्यांनी बादली खाली ठेवली.

"मग दिले का नाहीत? परवा साखरपुडा आहे. बहीण जन्मात माझं तोंड बघणार नाही. आणि तुम्ही मला रोज चहा पाजून..."

"दिलं आस्तं तर तुमी कशाला आला आस्ता?" तात्या म्हणाले.

शाळेत पोरं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात, तसं साधं सांगितलं त्यांनी. लाज नाही, गाऱ्हाणं नाही. पण मी तेव्हा इतका तापलो होतो की कानांत काही शिरलंच नाही. उलट मी जे करायला नको ते केलं. तिथल्या तिथं नामदेवला आणि डॉक्टरांना फोन लावले, "तुमचे दिवे कधीचे तयार आहेत. येऊन घेऊन जा." तात्या ऐकत होते. 

चारच्या आत दोघं येऊन दिवे घेऊन गेले. नामदेव जाताना जरा लागेल असं बोललाही. मग तात्या माझ्या अंगणात आले, उन्हात गुडघ्यांवर बसून त्यांनी दिवे बसवले, बंपर चढवला, भिंतीवर उजेड पाडून दोन्ही सारखे केले आणि शेवटी खांद्यावरच्या टॉवेलानं काचा पुसल्या. मी चहाचं विचारलं. "नगं," म्हणाले आणि गेले.

रविवारी निमोण्यात माझ्या गाडीचा थाट विचारू नका. भाची बसली, वाजंत्री वाजली, सुमनचा ऊर भरून आला. नवऱ्यामुलाकडची तरणी पोरं दिव्यांभोवती वाकून वाकून बघत होती. एकानं विचारलं, "मामा, ह्याला किती दिस लागत्यात?"

"एक दिवस," मी म्हणालो.

म्हणालो आणि हातातला घास हातातच राहिला. एक दिवस. बाकीचे सगळे दिवस तात्यांनी आम्हाला बोलावून घेण्यात घातले होते. तात्यांचं ते शुक्रवारचं वाक्य मला तिथं, त्या पंगतीत, पहिल्यांदा ऐकू आलं. फार वाईट वाटलं. माझे दिवे मी घेतले ते घेतले, पण फोन करून त्यांची ओसरी मी रिकामी केली होती.

सोमवारी पाच वाजता मी पायीच तात्यांकडं गेलो. पाचही खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावलेल्या. तात्या उंबऱ्यात बसले होते. मला बघून घाईनं उठले.

"काय बिघडलं का, सर? उजवा का डावा?"

"काही बिघडलं नाही."

"कार्य नीट झालं न्हवं?"

"छान झालं."

"मग गाडीला काय..."

"गाडी घरी आहे, तात्या. मी बसायला आलोय."

तात्या दारातच उभे राहिले.  त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या खुर्च्या ओढायला गेले. एकात एक घट्ट अडकलेल्या, निघेनात. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून एक सोडवली. नंतर आणखी एक.

चहा ठेवायला ते आत गेले. मला साखर चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, मंगळवारपासून रोज न विचारता त्यांनी मला बिनसाखरेचाच चहा दिला होता. आज मात्र नव्या पाहुण्याला विचारावं तसा आतून आवाज आला, "सर, साखर किती टाकू?"

"तुम्हाला टाकता तेवढी टाका," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून बसलो.