लाल टॅगवाले बागूलकाका

माझ्या कपाटाच्या एका फळीवर अकरा पुस्तिका आहेत आणि प्रत्येकीला दोऱ्याने लाल टॅग बांधलेला आहे. कारखान्यात नापास मालाला बांधतात ना, अगदी तसा. टॅगवर तारीख, दोषांची संख्या आणि खाली सही: द. रा. बागूल.

बागूलकाका सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. आता निवृत्त आहेत आणि आमची साहसं तपासतात.

हे जरा नीट सांगायला हवं. दर रविवारी दुपारी आम्ही चार मित्र माझ्या घरी एक खेळ खेळतो. चाळिशी उलटलेली माणसं. घरचे हसतात, आम्ही खेळतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. दरीवरून उडी मारायची असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पार, लहान पडला तर खाली. ज्यांना गोष्ट सुचत नाही त्यांच्यासाठी छापील साहसं मिळतात. नकाशे, राक्षस, खजिना, सगळं तयार. आम्हाला कधीच काही सुचत नाही.

काका मागच्या बिल्डिंगमधले. पहिल्यांदा आले ते भांडायला.

"काय आरडाओरडा लावलाय? मेलं कोण?"

"ड्रॅगन, काका."

काकांनी चष्मा वर सरकवला, टेबलावरची पुस्तिका उचलली आणि खुर्ची ओढून बसले. एक चहा झाला, दुसरा झाला. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "स्वयंपाकघर इथे, जेवणाचा हॉल तिथे, मधल्या खोलीत राक्षसी विंचू. मग जेवण वाढतं कोण?"

आम्ही तीन रविवार त्या किल्ल्यात घालवले होते. कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

तेव्हापासून काका आमचे झाले. खेळत नाहीत, फक्त तपासतात. स्टीलची फूटपट्टी नकाशावर ठेवतात. "पेटी चार फूट, दार तीन फूट. पेटी आत गेली कशी?" बंद तळघरात तीनशे वर्षं उभा असलेला पहारेकरी दिसला की विचारतात, "याची ड्यूटी बदलायला कोणी येत नाही?" एका साहसात चोरदार सापडलं नाही तर पुढची वीस पानं फुकट जात होती. त्यावर काका खरोखर चिडले. "अख्खं मशीन एका बोल्टवर लटकवलंय! कोणी पास केला हा माल?"

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "लय ढिलं काम." की बांधला टॅग.

पण त्यांचा सगळ्यात मोठा राग वर्णनांवर होता. प्रत्येक खोलीचं वर्णन छापलेलं असतं, ते गोष्ट सांगणाऱ्याने मोठ्याने वाचायचं. काका मधेच थांबवायचे. "दिसतं, दिसतं, दिसतं! अरे, खोलीला वास काय आहे? पायाखाली काय लागतं? आवाज कुठून येतो?" नापास पुस्तिका ते रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, घरी न्यायचे आणि आठवड्याने आणून द्यायचे. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: 'ओल्या पोत्यांचा वास.' 'डावीकडून गार वारा, म्हणजे तिकडे वाट.' 'भिंत हाताला खरखरीत.' मला त्याचं हसूही यायचं आणि कुतूहलही वाटायचं. न खेळणाऱ्या माणसाने एवढी मेहनत कशासाठी घ्यावी?

एका रविवारी काका फूटपट्टी विसरून गेले. फूटपट्टीशिवाय त्यांना चैन पडायची नाही आणि सोमवारी मला सुट्टी होती, म्हणून सकाळीच द्यायला गेलो. दार उघडंच होतं. आतून काकांचा आवाज येत होता.

"पाणचक्कीचं पाणी तुमच्या उजव्या हाताला आहे. मोठा आवाज. पायाखाली लाकडी ओंडका, शेवाळलेला. ओलांडणार?"

"ओलांडणार!" बाईचा आवाज.

खिडकीजवळ काकू बसल्या होत्या. समोर स्टीलची ताटली. साखरेच्या आजाराने दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, हे मला तिथे कळलं. माझा पाय दारातच थबकला. समासातल्या त्या ओळींना हसलो होतो, त्याची लाज वाटली.

काका मला बघून गोरेमोरे झाले. काकू मात्र माझी चाहूल लागताच खुशीत. "कोण, रविवारचे का? या, बसा. आधी तुमच्यावर ट्रायल घेतात, मग माल माझ्याकडे येतो."

त्यांनी फासा टाकला. ताटलीत तो खणखणत फिरला आणि थांबला. तीन.

"अठरा," काका म्हणाले.

पाव इंचासाठी किल्ले नापास करणारा माणूस! त्याने तिनाचे अठरा केले.

काकूंनी ताटली चाचपून फासा पुन्हा हातात घेतला. "हा नाही धरायचा. आता मी टाकते आणि हे भाऊ आकडा वाचतील. वर्षभर मी एकदाही पडले नाही. कधी हरले नाही, कधी मला साधं खरचटलंही नाही. असला गेम मी पास करायची नाही."

फासा पडला. दोन.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हात जोडायचेच बाकी होते. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं आणि काकूंना काय हवंय तेही.

"दोन," मी म्हणालो.

काका एकदम खाली बघू लागले. काकूंनी मात्र टाळीच वाजवली. "पडले! पडले एकदाची! सांगा ना, पुढे काय?"

पुस्तिकेत पुढची पानं होती, पण काकांनी त्यांना क्लिप लावून ठेवली होती. पडणं, बुडणं, हरणं, सगळं त्या क्लिपखाली. ती त्यांनी काढली. त्यांनी वाचायला घेतलं. "पाणी गार आहे. ओढ आहे. पाय टेकत नाहीत..." त्यांनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

"मी पण उडी मारली," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही कुठे आहात गेममध्ये?"

"आहे. आत्ताच आलो. हात द्या."

काकूंनी हात पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला.

"चष्मा काढून ठेवलात ना काठावर?" काकूंनी विचारलं.