बाहेरचा नाय

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीतले म्हात्रे काका बाहेरून आले, की जिन्यापाशी नळावर आधी कोपरापर्यंत हात धुतात, मग पाय, मग चपला. अकरा मिनिटं. मी सेक्रेटरी आहे. घड्याळ लावून पाहिलंय. भाजीला गेले तरी अकरा, नुसतं गेटपर्यंत गेले तरी अकरा.

काकांनी तीस वर्षं कॅन्सरच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळले. काही उंदरांत आईच्या दुधातून पिल्लांना कॅन्सरचा विषाणू जायचा. म्हणून पिल्लं जन्मली रे जन्मली, की काका ती उचलून निरोगी मादीच्या कुशीत ठेवायचे. "माझ्यासारखी सुईन नवी मुंबईत नाय," असं ते सांगतात. आमच्या मीटररूममध्ये उंदीर निघाला, तेव्हा त्यांनी शेपटीला धरून उचलला, पोट पाहिलं. "गाभन हाय. औषध घालू नका." त्या बाळंतपणापायी माझी मीटररूम तीन आठवडे बंद.

सभेत त्यांचं वाक्य ठरलेलं. टाकी गळो, सायकल चोरीला जावो, "बाहेरचा नाय. घरातलाच हाय." मी इतिवृत्तात घडलं तेच लिहितो, त्यामुळे हे वाक्य आतापर्यंत सतरा वेळा लिहिलंय. एकदा तळमजल्यावरच्या जोशीबाई चिडल्या, "म्हणजे आम्ही चोर?"

"तसा नाय, बाई. आमचे साहेब सांगायचे, कॅन्सरचा जीन विषाणूचा सोताचा नसतोच. तो आपल्याच पेशीतला. चांगला कामाला असतो, मंग बिघडतो. विषाणूनं कवातरी आपल्याकडूनच उचललेला."

सभा तिथंच संपली. तसाही कोरम नव्हता.

यंदा मे महिन्यात पाणी एक दिवसाआड झालं. समितीनं जिन्याजवळचा नळ काढायचा ठराव केला. सांगायला मी गेलो, तर काका नळावरच.

"काका, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता कुठले उंदीर?"

ते हात चोळतच राहिले. "हिला गाठ आली तवा मी कामावर व्हतो, सेक्रेटरी. घाईत कदी कदी हात न धुताच घरी यायचो." काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली. "साहेब म्हनले, उंदराचा विषाणू मानसाला लागत नाय. तिच्याच पेशीतलं बिघडलं. तुमी आकड्यांतला मानूस. तुमी सांगा. मी आनला नाय ना?"

मला त्यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, "नाही, काका. बाहेरचा नाय."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा कोपरापासून सुरुवात केली.

नळ आहे तिथंच आहे. समिती दर महिन्याला विचारते. प्लंबर मिळत नाही, असं मी इतिवृत्तात लिहितो.